बॉम्बे हाय कोणत्या तालुक्यात येते?

काही वर्षांपूर्वी आमच्या आळीतल्या एका बाईंचा अर्ज भरून द्यायला मी त्यांच्याबरोबर एका कचेरीत गेलो होतो. त्यांचा मुलगा वेल्डर होता. ठेकेदारामार्फत समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामाला गेला आणि तिथेच उंचावरून पडून वारला. अर्जात रकाने होते : मृत्यूचे ठिकाण, गाव, तालुका, जिल्हा. बाईंनी विचारले, "भाऊ, इथं काय लिहायचं?" मी 'बॉम्बे हाय' असे लिहिले. खिडकीतल्या कारकुनाने ते वाचले आणि कागद परत सरकवला. "हे गाव आहे का? तालुका लिहा." बराच वेळ घोळ झाल्यावर त्यानेच 'मुंबई' असे लिहून शिक्का मारला.

काम झाले, पण लिहिलेले खरे नव्हते. तो मुलगा मुंबईत वारला नव्हता. मग कुठे वारला, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी वकील नाही. ग्रंथालयातली कायद्याची पुस्तके, राजपत्रे आणि निकालपत्रे चाळत मी या प्रश्नाचा माग काढला. जे हाती लागले ते मला चकित करणारे होते, म्हणून ते इथे मांडतो.

बॉम्बे हाय आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे, फक्त ओळखलेले नाही. १९८० च्या दशकातली एक रुपयाची नोट आठवा. तिच्या मागच्या बाजूला समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक सांगाडा होता. तो 'सागर सम्राट', म्हणजे फेब्रुवारी १९७४ मध्ये ज्याने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधले तो रिग. मे १९७६ मध्ये तिथून तेल निघू लागले. नावातला 'हाय' हा भूगर्भशास्त्रातला शब्द आहे. जमिनीखालच्या थरांच्या उंचवट्याला 'हाय' म्हणतात. 'बॉम्बे' हे केवळ जवळच्या शहराचे नाव. त्या नावाने मालकी सिद्ध होत नाही.

मालकी कोणाची, हे समजण्यासाठी आधी समुद्राचे पट्टे पाहावे लागतात. १९७६ साली संसदेने सागरी क्षेत्रांचा कायदा केला, त्यात ते आखून दिले आहेत. किनाऱ्यालगतच्या आधाररेषेपासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत प्रादेशिक समुद्र. इथे देशाची सत्ता जमिनीवर असते तशी पूर्ण चालते. २४ मैलांपर्यंत संलग्न पट्टा. २०० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. आणि या पाण्याच्या तळाशी भूखंडमंच, म्हणजे शाळेच्या भूगोलात आपण जिला समुद्रबूड जमीन म्हणत होतो ती. बॉम्बे हाय १२ मैलांच्या कितीतरी पलीकडे आहे.

१२ मैलांपलीकडे देशाची सत्ता नसते असे नाही, पण ती वेगळ्या जातीची असते. याची सुरुवात २८ सप्टेंबर १९४५ रोजी झाली. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळातल्या संपत्तीवर हक्क जाहीर केला. वरचे पाणी मात्र सर्वांना खुले ठेवले. भारताने १९५५ साली तशीच घोषणा केली. १९५८ च्या जीनिव्हा कराराने आणि पुढे १९८२ च्या सागरी कायदा कराराने (भारताने तो १९९५ मध्ये मान्य केला) हा हक्क पक्का केला. त्याला 'सार्वभौम हक्क' म्हणतात. हा हक्क संपत्ती शोधण्यापुरता, काढण्यापुरता आणि त्यासाठी बांधकाम करण्यापुरता असतो. शेतावर मालकी असणे वेगळे आणि त्या शेतातले पीक काढण्याचा एकट्याचा हक्क असणे वेगळे, असे म्हणता येईल. तेलाचा प्लॅटफॉर्म हे बेट मानले जात नाही. त्याच्याभोवती प्रादेशिक समुद्र निर्माण होत नाही. फार तर ५०० मीटरपर्यंतचे सुरक्षाक्षेत्र आखता येते. मात्र प्लॅटफॉर्मवर जकात, कर, आरोग्य, सुरक्षा यांबाबत कायदा चालवण्याचा अधिकार त्या किनारी देशाचाच.

आता देशाच्या आत पाहू. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ मध्ये मूळ तरतूद प्रादेशिक समुद्राच्या तळापुरती होती. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने तीत भूखंडमंच आला, १९७६ च्या चाळिसाव्या दुरुस्तीने अनन्य आर्थिक क्षेत्र आले. या साऱ्यातल्या जमिनी, खनिजे आणि मोलाच्या वस्तू केंद्राकडे निहित आहेत आणि त्या केंद्राच्या प्रयोजनांसाठीच धारण करायच्या आहेत. राज्याचा त्यात उल्लेखही नाही. आसाम किंवा गुजरातच्या जमिनीतून तेल निघाले तर स्वामित्वधन त्या राज्याला मिळते. बॉम्बे हायचे स्वामित्वधन केंद्राला जाते. ते तेल नळाने उरणला पोचले की रायगड जिल्ह्यात येते. तोवर ते कोणत्याच जिल्ह्यात नसते.

म्हणजे मालकीचा प्रश्न सुटला. पण बाईंच्या अर्जातला रकाना मालकीबद्दल नव्हता. तिथे कोणता कायदा चालतो, हा खरा प्रश्न होता.

जमिनीवर कायदा आपोआप असतो. संसदेने कायदा केला की तो चांद्यापासून बांद्यापर्यंत लागू होतो, प्रत्येक गावासाठी वेगळा हुकूम काढावा लागत नाही. १२ मैलांपलीकडे तसे नाही. १९७६ च्या कायद्याच्या कलम ६ आणि ७ मध्ये म्हटले आहे, की केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून एखादा कायदा भूखंडमंचाला किंवा आर्थिक क्षेत्राला लागू करू शकते. आणि तसे केले की त्या कायद्यापुरते ते क्षेत्र जणू भारताच्या भूमीचा भाग आहे असे समजायचे. या 'जणू'वर सगळा डोलारा उभा आहे. त्या जागी कायदा एकेक करून, अधिसूचनेच्या होडीत घालून न्यावा लागतो. जो नेला तो तिथे आहे. जो नेला नाही, त्याबद्दल वाद घालायला जागा आहे.

हा वाद एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९८६ साली सरकारने तेलक्षेत्रांचे काही भाग 'निर्दिष्ट क्षेत्रे' म्हणून जाहीर केले आणि जानेवारी १९८७ मध्ये सीमाशुल्क कायदा तिथे लागू केला. परदेशी जाणाऱ्या जहाजाला लागणाऱ्या सामानावर जकात माफ असते. रिगमालकांचे म्हणणे असे, की आमचा रिग १२ मैलांबाहेर, म्हणजे भारताबाहेर उभा आहे. तेव्हा त्यालाही परदेशी जाणाऱ्या जहाजासारखी माफी हवी. आबान लॉइड चाइल्स ऑफशोअर या कंपनीच्या प्रकरणात २००८ मध्ये न्यायालयाने हे नाकारले. निर्दिष्ट क्षेत्र सीमाशुल्कापुरते भारतच आहे, म्हणून तिथे वापरलेल्या मालावर जकात पडणारच. अधिसूचना होती म्हणून निकाल असा लागला.

वस्तू आणि सेवा कर आला तेव्हा सरकारने ही पंचाईत आधीच ओळखली. जीएसटी कायद्यात 'भारत' या शब्दाच्या व्याख्येतच भूखंडमंच आणि आर्थिक क्षेत्र घातले. १२ मैलांच्या आतला व्यवहार जवळच्या किनारी राज्याचा धरायचा, असेही ठरवले. आणि कोणत्याच राज्यात न येणाऱ्या जागेसाठी 'इतर प्रदेश' असा एक वर्ग केला, जो त्या कायद्यापुरता केंद्रशासित प्रदेशासारखा धरला जातो. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, या 'इतर प्रदेशा'चे ९७. म्हणजे करवसुलीच्या अर्जात या जागेसाठी रकाना आहे. आमच्या कारकुनाच्या अर्जात तो नव्हता.

गुन्ह्याचे काय? २७ ऑगस्ट १९८१ च्या अधिसूचनेने तेव्हाची दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता आर्थिक क्षेत्राला लागू करण्यात आली. गुन्हा समुद्रात घडला तरी आरोपी जिथे सापडेल तिथे, किंवा केंद्र सांगेल तिथे, त्याच्यावर कारवाई करता येते अशी तरतूद झाली. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर 'एनरिका लेक्सी' या इटालियन जहाजावरच्या नौसैनिकांच्या गोळीबारात दोन मच्छिमार ठार झाले. केरळ पोलिसांनी नौसैनिकांना अटक केली. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १२ मैलांपलीकडे राज्याचा अधिकार चालत नाही, तो केंद्राचा आहे.  तिथे तेलाचा प्लॅटफॉर्म नव्हता, पण पाण्याचा पट्टा तोच होता. बॉम्बे हायवर काही घडले तर महाराष्ट्रालाही हेच उत्तर आहे.

आणि तिथे घडते. २६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकर विसरलेले नाहीत. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ जुलैला, 'समुद्र सुरक्षा' हे साहाय्यक जहाज एका जखमी माणसाला पोचवायला बॉम्बे हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मजवळ गेले असताना त्याची धडक वायुनळाला बसली. आग लागली आणि सुमारे दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. २२ माणसे गेली. समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र नियम त्यानंतर तीन वर्षांनी, २००८ मध्ये आले आणि देखरेखीचे काम तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे देण्यात आले. त्या जागेसाठी खास लिहिलेले सुरक्षानियम येईपर्यंत उत्पादन सुरू होऊन ३२ वर्षे झाली होती.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात 'पी-३०५' हा कामगारांच्या निवासाचा बार्ज मुंबईपासून सुमारे ३५ सागरी मैलांवर बुडाला. त्यावर २६१ जण होते. त्यांतले ७० हून अधिक गेले. नौदलाने वाचवलेल्यांना मुंबईत आणले, काही मृतदेह रायगड आणि वलसाडच्या किनाऱ्याला लागले, आणि गुन्हा नोंदवला गेला मुंबईच्या यलो गेट पोलीस ठाण्यात. माणसे त्या बंदरातून गेली होती आणि त्याच बंदरात परत आली. बॉम्बे हायला स्वतःचे पोलीस ठाणे नाही. त्यामुळे तिथली प्रत्येक दुर्घटना किनाऱ्यावरच्या कुणाच्या तरी दप्तरात पाहुणी म्हणून येते.

दुसरीकडे हे कसे करतात, तेही मी पाहिले. अमेरिकेत १९४७ साली केंद्र आणि कॅलिफोर्निया यांच्यात समुद्रतळावरून खटला झाला आणि केंद्र जिंकले. १९५३ मध्ये तडजोड झाली. किनाऱ्यालगतचा तळ राज्यांना मिळाला, बाहेरचा केंद्राकडे राहिला. पण बाहेरच्या भागासाठी त्यांनी एक सोय केली. जिथे केंद्राच्या कायद्यात पोकळी असेल, तिथे लगतच्या राज्याचा कायदा केंद्राचा म्हणून चालवायचा. यातूनही वाद निघतात. प्लॅटफॉर्मवर ड्युटी संपल्यावर थांबून राहावे लागते त्या वेळेचा पगार कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मिळावा, असा एका कामगाराचा दावा होता. केंद्राचा वेतन कायदा आहेच, म्हणून तो २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. तो हरला, पण पोकळी असेल तर कोणता कायदा, याचे उत्तर तिथे आधीपासून लिहिलेले होते. आपल्याकडे ते राजपत्रात शोधावे लागते.

स्वामित्वधनात महाराष्ट्राला वाटा मिळावा की नाही, यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे आहे, आणि तो घटनादुरुस्तीचा विषय आहे. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. आपण तिथून तेल काढायला ५० वर्षांपूर्वी गेलो. जकात नेली, कर नेला, त्यांच्यासाठी स्वतंत्र क्रमांकसुद्धा नेला. कामगाराच्या बाबतीत मात्र त्याच्या वारसाने प्रत्येक खिडकीवर नव्याने सांगावे लागते, की ही जागा आहे आणि इथे माणूस मरू शकतो. जीएसटीसाठी जसा 'इतर प्रदेश' केला तसा मृत्यूच्या नोंदीत, पोलिसांच्या दप्तरात आणि कामगार कार्यालयात एक रकाना करायला घटनादुरुस्ती लागत नाही.

त्या बाईंना वाट मिळाली ती जुन्या कायद्यातल्या एका शहाण्या ओळीमुळे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात १९९५ साली दुरुस्ती झाली होती. तिच्यामुळे अपघात जिथे झाला तिथल्याच नव्हे, तर वारस जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडेही दावा दाखल करता येऊ लागला. तालुका सांगायची गरजच उरली नाही. बाईंचा दावा आमच्याच जिल्ह्यात दाखल झाला. त्या अर्जावर 'अपघाताचे ठिकाण' या शब्दांपुढे मी पुन्हा 'बॉम्बे हाय' लिहिले, आणि पुढे कंसात लिहिले : अरबी समुद्र, भारताचा भूखंडमंच. या वेळी कागद परत आला नाही.