नाळेवरचे मोठे शीड

चेन्नईच्या किनाऱ्यावरील कोळ्यांचे कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. त्यावर साधारणतः एकच शीड असे. (इंग्रजीतील ‘कॅटामरान’ हा शब्द या तमिळ शब्दावरूनच आला आहे.) याच शहरात १९११ साली रॉयल मद्रास यॉट क्लब स्थापन झाला. तेथील क्रीडानौकांपैकी काहींना दोन शिडे असतात. डोलकाठीच्या मागे मुख्य शीड असते. डोलकाठीपासून नाळेपर्यंत, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापर्यंत, ताणलेल्या तारेवर दुसरे शीड चढवतात.

हे पुढचे शीड डोलकाठीच्या अलीकडेच संपले, तर त्यास ‘जिब’ म्हणतात. त्याचा मागचा कोपरा डोलकाठी ओलांडून गेला, की ते ‘जेनोआ’ होते. १९२०च्या दशकात इटलीतील जेनोआ येथील शर्यतींत स्वीडनच्या स्वेन सालेन यांनी असे शीड वापरले. त्यावरून हे नाव पडले. त्याचा आकार टक्क्यांत सांगतात. तार व डोलकाठी यांमधील अंतर ३ मीटर आणि मागच्या कोपऱ्यापासून शिडाच्या पुढच्या कडेपर्यंतचे लंबांतर ४.५ मीटर असेल, तर ते १५० टक्क्यांचे जेनोआ होय.

वाऱ्याच्या समोर नौका सरळ जाऊ शकत नाही. ती तिरकस, नागमोडी मार्गाने जाते. तेव्हा शीड विमानाच्या पंखासारखे काम करते. त्याच्या फुगीर बाजूवरून हवा वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि शीड त्या बाजूला ओढले जाते. दोन शिडांमधील फटीतून वारा जोराने सुटतो व मुख्य शिडाला बळ देतो, असे पूर्वी शिकवीत. अमेरिकेतील आर्वेल जेन्ट्री यांनी १९७०च्या दशकात ही समजूत खोडून काढली. फटीतील हवा उलट मंदावते. मुख्य शिडामुळे अधिक हवा पुढच्या शिडाच्या बाहेरून वळते आणि पुढचे शीडच जास्त ओढते. म्हणूनच मंद वाऱ्यात मोठ्या जेनोआचा लाभ स्पष्ट जाणवतो.

परंतु उन्हाळ्यात चेन्नईला सकाळी वारा मंद असला, तरी दुपारी समुद्रावरून जोराचा वारा सुटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर शिडावरील जोर चौपट होतो. तिप्पट झाला, तर नऊपट! सकाळी उपकारक ठरलेले कापड दुपारी नौकेला आडवे पाडू पाहते. नौका फार कलली, की सुकाण्याची पकड सुटते. अशा वेळी दोर ओढून शीड आवरणे अतिशय कष्टाचे असते. म्हणून जाणता नाविक पाण्याचा रंग गडद होताना दिसला, की आधीच शीड लहान करतो.

यासाठी अनेक नौकांवर शीड तारेभोवती गुंडाळण्याची सोय असते. ती सोयीची खरी, पण निर्दोष नव्हे. अर्धवट गुंडाळलेल्या शिडाचे पोट फुगीरच राहते, आणि जोराच्या वाऱ्यात तर ते सपाट हवे. शिवाय शिडाचा दोर ज्या कडीतून येतो, ती कडीही पुढे सरकवावी लागते. लांबच्या सफरीत वेगळी लहान शिडे बाळगणे अधिक शहाणपणाचे. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ नौकेतून भारतीय नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्या सहा शिडांत वादळासाठी राखलेले एक शीड होते. मोठ्या शिडाचा आणखी एक दोष सहसा सांगितला जात नाही. त्याच्या आड समोरून येणारी होडी दिसतच नाही. अधूनमधून वाकून शिडाखालून पाहावे लागते.

आजच्या शर्यती नौकांनी निराळा मार्ग पत्करला आहे. चेन्नईचे वरुण ठक्कर आणि के. सी. गणपती यांनी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ‘फोर्टीनाइनर’ ही नौका चालवली. तिचे जिब लहान असून मुख्य शिडासह त्याचे क्षेत्रफळ सुमारे २१ चौरस मीटर भरते. सुमारे ३८ चौरस मीटरचे फुगीर शीड ते वारा पाठीमागून घेतानाच उभारीत आणि पुन्हा वाऱ्याकडे वळण्यापूर्वी उतरवीत.