राजवाड्याची चित्रशाळा

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या कुही गांवीं एक जुना वाडा पाडण्यांत आला. सागवानी खांब विकले गेले, आणि ज्या पडवींत मीं लहानपणीं अमरकोश पाठ केला, ती दोन दिवसांत उघडी पडली. मालकांस दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. डागडुजीचा खर्च वाढतो, मुलें परगांवीं नोकरीस असतात, हें मी जाणतों. परंतु जुनी वास्तु एक तर पाडावी, नाहीं तर पडूं द्यावी, असें जें सर्वत्र बोललें जातें, तें मला मान्य नाहीं. तिसऱ्या मार्गाचें उदाहरण सावंतवाडीस आहे.

तेथील राजवाडा तिसरे खेम सावंत (१७५५–१८०३) यांच्या अमदानींतील होय. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. १९७१ सालीं संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. दरबार संपला, दालनें मात्र उरलीं. इकडे छापील पत्त्यांपुढें हातानें रंगविलेली गंजिफाही लोपत चालली होती. त्याच सुमारास शिवरामराजे व सत्वशीलादेवी यांनीं पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिरांस पाचारण करून स्वतः त्यांच्याजवळ ती कला शिकून घेतली. राजानें कारागिरास आश्रय दिल्याचे दाखले पुष्कळ. राजा कारागिराचा शिष्य झाल्याचे विरळा! पुढें दरबारच्या दालनांतच चितारी बसूं लागले. वाडा घराण्याचें घरही राहिला आणि चित्रशाळाही झाला.

दशावतारी गंजिफांत १२० वाटोळीं पानें असतात. दहा अवतारांचे दहा गट, आणि प्रत्येक गटांत राजा, प्रधान व एक्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. पूर्वीं कापडाचे थर चिंचोक्यांच्या खळीनें चिकटवून, लेप देऊन, घोटून त्यांवर चित्रें काढीत व लाखेचा हात देत. अशा कामास स्थिर उजेड, ऐसपैस जागा व निवांतपणा लागतो. आणि जुन्या वास्तूस काय लागतें? नित्य वावरणारीं माणसें! छपराची पहिली गळती आणि तुळईची पहिली वाळवी तेथें बसणाऱ्याच्याच दृष्टीस पडते. बंद वाड्यांत ती कळते तेव्हां तुळई खालीं आलेली असते.

प्रत्येक वाड्यास राजा लाभत नाहीं, हें खरें. चित्रकाराच्या भाड्यांत सर्व खर्चही भागणार नाहीं. वारसांची एकवाक्यता, लेखी करार आणि प्रथम छपराची दुरुस्ती, एवढें हवेंच. परंतु नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयांतून दरवर्षीं तरुण बाहेर पडतात व शहरांतील एका खोलींत चित्रफलक भिंतीला टेकवून राहतात. आमच्या गांवीं अद्याप कांहीं वाडे उभे आहेत. लांकूड घेणाऱ्या व्यापाऱ्यास निरोप धाडण्यापूर्वीं मालकांनीं त्यांतील एकास तरी आपली माडी दाखवावी, एवढीच माझी विनंती आहे.