दस्तकाविना खेळ

वसईसारख्या गावात, जिथे इतिहास म्हटला की किल्ला, चिमाजीअप्पा आणि १७३९ साल एवढ्यावरच बहुतेकांचे समाधान होते, तिथे संगणकावरील खेळांचा मागोवा घेणे काहींना अस्थानी वाटेल. तथापि गेल्या तीसएक वर्षांत येथील मुलांच्या हाती जी खेळयंत्रे आली आणि गेली, त्यांची संगती लावू गेले असता ताबा, मालकी आणि परवानगी यांच्या परस्परसंबंधात एक मोठा फेरफार आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेल्याचे ध्यानात येते, आणि या फेरफाराची नोंद कोणत्याही दप्तरात झालेली नाही.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा जो ‘व्हिडिओ गेम’ घरोघरी आला, तो जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या फॅमिकॉम यंत्राची बहुधा नक्कल असे. पण पारनाक्यावरच्या किंवा माणिकपुरातल्या मुलाला निन्टेन्डो हे नाव ऐकूनही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी त्यामुळे त्याच्या आनंदात यत्किंचितही उणेपणा आला नसता. खेळ ज्या चौकोनी पेटीत असे तिला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. तिच्यावर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ असल्याची जाहिरात छापलेली असे आणि प्रत्यक्षात तेच आठ-दहा खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. परंतु जे होते ते त्या पेटीत होते. ती मित्राला उसनी देता येई, दुसऱ्या कॅसेटशी अदलाबदल करता येई, दुकानातून भाड्याने आणता येई, आणि भांडण झाले की हक्काने परत मागता येई. खेळ थांबे तो आईच्या हुकुमाने किंवा वीज मंडळाच्या कृपेने. तिसरी सत्ता त्या व्यवहारात नव्हती.

संगणक आले तेव्हा ही सोपी व्यवस्था पालटू लागली. १९८९ साली निघालेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ आपल्याकडे पुढे कित्येक वर्षे शाळांच्या आणि क्लासेसच्या संगणकांवर खेळला जाई. त्यात पहिली पायरी ओलांडली की निरनिराळ्या अक्षरांखाली औषधांच्या कुप्या मांडलेली एक खोली लागे, आणि छापील माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावरील अमुक ओळीतल्या अमुक शब्दाचे आद्याक्षर ज्या कुपीवर असेल तीच प्यावी, नाहीतर प्राणास मुकावे, असा तिथला दंडक होता. पुस्तिका मूळ डब्यात मिळे, आणि मूळ डबा आपल्याकडे कोणी पाहिलेला नसे. तेव्हा अंदाजाने कुप्या रिचवून मरत राहणे, अथवा कोणीतरी ती खोलीच काढून टाकलेली प्रत मिळवणे, हे दोनच मार्ग उरत. सर्वांनी दुसरा स्वीकारला. चर्चगेटच्या दिशेने जाणारी गाडी पकडून ग्रँट रोडला उतरावे, लॅमिंग्टन रोडच्या पदपथावरून पातळ प्लास्टिकच्या पाकिटातल्या सीडी घ्याव्यात आणि त्याच लोहमार्गाने परत येताना त्या खिशात जपून आणाव्यात, असा एका पिढीचा शिरस्ता होता. चोरी ती चोरीच, तिला मी दुसरे नाव देणार नाही. मात्र त्या काळी अस्सल माल रास्त दरात विकणारे दुकान वसईपासून विरारपर्यंत शोधूनही सापडले नसते, हेही नमूद करणे प्राप्त आहे. स्टेशनालगतच्या सायबर कॅफेंत ‘काउंटर-स्ट्राइक’ रंगे तेही चार भिंतींच्या आतल्या तारांवर. बाहेरचे इंटरनेट बंद पडले तर मेल पाहायला आलेले गिऱ्हाईक उठून जाई, पण खेळणारी मुले जागची हलत नसत.

ज्या घटनेपासून खरे वळण लागले ती मात्र सातासमुद्रापलीकडे घडली आणि आपल्याला तिची वार्ता फार उशिरा लागली. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २००३ मध्ये ‘स्टीम’ नावाची एक व्यवस्था सुरू केली आणि पुढच्या वर्षी, १६ नोव्हेंबर २००४ रोजी, ‘हाफ-लाइफ २’ हा बहुप्रतीक्षित खेळ बाजारात आणताना असे बंधन घातले की, दुकानातून डबा रोख पैसे मोजून आणला तरी स्टीमवर खाते उघडून कंपनीची अनुज्ञा घेतल्यावाचून तो सुरू होणार नाही. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी लोटली की डबा हातात असलेले लोक तसेच ताटकळत बसले.

वसईकराला या प्रकारात काही ओळखीचे दिसायला हरकत नव्हती. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने ज्या तहान्वये वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, त्यात असे एक कलम होते की गुजरातेतून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या जहाजांनी वसईहूनच निघावे आणि परतताना पुन्हा वसईलाच येऊन जकात भरावी; आणि फिरंग्यांचे दस्तक जवळ नसलेले तारू अरबी समुद्रात आढळल्यास त्याची जप्ती होई. जहाज व्यापाऱ्याचे, माल व्यापाऱ्याचा, खलाशी त्याच्याच पगारावरचे. समुद्र तर कोणाचाच नव्हे. तरीही प्रवास करण्याचा अधिकार तेवढा किल्ल्यातल्या एका कचेरीत ठेवलेला. या दस्तकाची फी फारशी जाचक नसे असे इतिहासकार सांगतात. जाच फीचा नव्हता. दर खेपेस विचारावे लागण्याचा होता.

या विचारण्याच्या पद्धतीला ठाम उत्तर मिळाले ते पोलंडमधून, आणि तो वृत्तांत मला थोडा विस्ताराने सांगावासा वाटतो, कारण लॅमिंग्टन रोड पाहिलेल्या माणसाला तो जितका समजेल तितका कॅलिफोर्नियातल्या माणसाला समजणार नाही. मार्चिन इव्हिन्स्की आणि मिहाव किचिन्स्की या दोन शाळासोबत्यांनी १९९४ साली ‘सीडी प्रोजेक्ट’ ही कंपनी काढली, तेव्हा वॉर्सात संगणकी मालाचा जो उघडा बाजार भरे त्यात नकली प्रतींचीच चलती होती, आणि इव्हिन्स्की स्वतः त्याच बाजारात खेळ विकून तयार झालेला गडी होता. चोराशी किमतीत स्पर्धा करता येत नाही हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही. म्हणून १९९९ साली ‘बॉल्डर्स गेट’ हा प्रचंड खेळ संपूर्ण पोलिश भाषेत उतरवून, सोबत नकाशा आणि इतर साहित्य भरलेला देखणा डबा त्यांनी विकायला काढला. म्हणजे गिऱ्हाइकावर पहारा बसवण्याऐवजी त्याला चोरापेक्षा अधिक काहीतरी दिले. डबा हातोहात खपला. याच अनुभवावर २००८ साली त्यांनी ‘गुड ओल्ड गेम्स’, म्हणजे आजचे ‘गॉग’, हे दुकान इंटरनेटवर उघडले आणि नियम असा ठेवला की विकलेल्या खेळाला कोणतेही कुलूप असणार नाही. बसवण्याची फाइल एकदा उतरवून घेतली की ती कितीही वेळा, कोणत्याही संगणकावर, इंटरनेटचा धागाही नसताना बसवावी. पुढे २०११ साली त्यांच्याच ‘विचर २’ या नव्या कोऱ्या खेळाच्या डब्यातल्या प्रतीला कुलूप लागले होते, तेही त्यांनी अल्पावधीतच दुरुस्तीची फाइल काढून उतरवले.

उर्वरित जग याच सुमारास नेमक्या उलट दिशेने चालले होते. मार्च २०१० मध्ये युबीसॉफ्ट या कंपनीने ‘असॅसिन्स क्रीड २’ च्या संगणकी आवृत्तीला अखंड इंटरनेटची अट घातली आणि थोड्याच दिवसांत तिचे सर्व्हर कोलमडून प्रामाणिक गिऱ्हाईक तेवढे खेळाबाहेर राहिले. २०१३ साली ‘सिमसिटी’ ची तीच गत झाली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्सला दर चोवीस तासांनी हजेरी लावण्याचे बंधन जाहीर केले. परंतु लोकक्षोभ एवढा उसळला की १९ जूनला तो हुकूम तिला मागे घ्यावा लागला.

आपल्याकडे या वादाचा आवाज पोहोचला नाही, कारण ज्याने कधी विकत घेतलेच नाही त्याला विक्रीच्या शर्तींशी काय कर्तव्य? तो पोहोचला नोव्हेंबर २०१५ नंतर, जेव्हा स्टीमवर किमती रुपयांत दिसू लागल्या, आणि पुढच्या सप्टेंबरात जिओ आल्यावर चाळीस-पन्नास जीबीचा खेळ उतरवून घेणे मध्यमवर्गीय घरालाही परवडण्याची चिन्हे दिसू लागली. लॅमिंग्टन रोडची पाकिटे ओस पडली. ज्या तरुणाने वयाच्या पंधराव्या वर्षी चोरीचा माल घेतला होता त्याने पंचविसाव्या वर्षी, स्वतःच्या पगारातून, सणाच्या सवलतीत का होईना, पण सन्मार्गाने खेळ घ्यायला सुरुवात केली. आणि दैवदुर्विलास असा की ज्या क्षणी तो प्रामाणिक झाला त्याच क्षणी त्याच्या हातातून वस्तू गेली आणि परवाना आला. चोरीची सीडी अर्ध्या रात्री, वीज येताच, कोणालाही न विचारता चालत असे.

हातात मावणारे संपूर्ण संगणक या पार्श्वभूमीवर अवतरले. चीनच्या जीपीडी कंपनीचा ‘विन’ २०१६ सालचा. पण या वस्तूला खरी प्रतिष्ठा दिली ती व्हॉल्व्हच्याच ‘स्टीम डेक’ने, फेब्रुवारी २०२२ मध्ये. ती कंपनीने भारतात अधिकृतपणे विकली नाही. वसईत जी थोडी यंत्रे आली ती आखातातून किंवा अमेरिकेतून रजेवर येणाऱ्या नातलगांच्या सामानातून, नाहीतर मुंबईच्या आडवळणी दुकानांतून चढ्या भावाने. जुलै २०२३ मध्ये आसुसची ‘आरओजी ॲलाय’ मात्र राजरोस आली, ६९,९९० रुपयांना. सात इंची पडदा, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, आणि आत विंडोज ११. विरार फास्टमध्ये ऐन गर्दीच्या वेळी हे यंत्र बाहेर काढता येईल असे ज्याला वाटते त्याने त्या गाडीने प्रवास केलेला नाही असे खुशाल समजावे. पण वसईहून सुटणाऱ्या लोकलीत खिडकीची जागा साधलेला एखादा तरुण नायगावच्या पुढे, खाडीचा पूल लागण्याच्या सुमारास, दोन्ही हातांत ते धरून तल्लीन झालेला मी पाहिला आहे, आणि त्याच्या शेजारचा वर्तमानपत्र बाजूला ठेवून पडद्यात डोकावताना पाहिला आहे.

कॅसेटनंतर प्रथमच खेळ पुन्हा मुठीत आला, असे या दृश्यावरून कोणी म्हणेल. परंतु नवे यंत्र घरी आणल्यानंतरची पहिली संध्याकाळ ज्याने अनुभवली आहे तो असे म्हणणार नाही. विंडोज ११ ची होम आवृत्ती प्रथम इंटरनेट मागते, नंतर मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. ही अट चुकवण्याच्या ज्या चोरवाटा जाणत्यांना ठाऊक होत्या त्याही २०२५ साली चाचणीच्या आवृत्त्यांतून एकेक करून बुजवण्यात आल्या. मग स्टीमचे खाते. मग खेळ युबीसॉफ्टचा, ईएचा वा रॉकस्टारचा असेल तर पुष्कळदा त्या त्या कंपनीचे स्वतंत्र खाते. प्रत्येकाचा पासवर्ड, प्रत्येकाचा फोनवर येणारा ओटीपी, आणि मध्येच एखादे चार जीबीचे अपडेट. एवढ्या नाक्यांवर जकात भरून आपण खेळाच्या दाराशी पोहोचतो तेव्हा बॅटरी अर्धी झालेली असते, आणि जड खेळाला तर पूर्ण भरलेली बॅटरीही दोन तास पुरत नाही.

मुंबईच्या मध्यवस्तीत, जिथे वीज क्वचित जाते, हे सारे गैरसोयीपलीकडे जात नाही. वसईचे तसे नाही. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या आणि वस्त्यांच्या वस्त्या अंधारात राहिल्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने झाडे आणि विजेचे खांब आडवे केले तेव्हाही तेच. वीज फार वेळ गेली की मोबाईलची रेंजही तिच्या मागोमाग जाते, आणि उरते ते फक्त यंत्रात साठलेले. अशाच एका पावसाळी रात्री एका परिचिताच्या घरी हातातले यंत्र पूर्ण चार्ज असून, खेळ रीतसर घेतलेला असून, एकट्याने खेळायचा असूनही ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ एवढेच वाक्य पडद्यावर पुनःपुन्हा उमटताना मी पाहिले. कंपनीचे नाव घेण्यात हशील नाही. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की स्टीमला ऑफलाइन राहण्याची सोय आहे, आणि आधी खात्यात शिरून, खेळ एकदा चालवून ठेवला तर ती बहुधा दगा देत नाही. इतकेच नव्हे तर स्टीमवरच्या काही खेळांना मुळात कुलूपच नसते. पण कोणत्या खेळाला ते आहे आणि कोणत्याला नाही, हे वीज गेल्यावर कळून उपयोग काय?

परवान्याचे खरे स्वरूप उघड झाले ते २०२४ साली. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ, जो पुष्कळसा एकट्यानेही खेळता येई, त्याचे सर्व्हर युबीसॉफ्टने ३१ मार्च रोजी बंद केले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ लोकांच्या हाती असून नसल्यासारखा झाला. याच निमित्ताने रॉस स्कॉट नावाच्या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ आरंभली. सप्टेंबरात कॅलिफोर्निया राज्याने कायदा केला की परवाना विकायचा तर तो परवाना आहे असे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे. जी वस्तू कायमची उतरवून इंटरनेटवाचून वापरता येते तिला या कायद्यातून सूट दिली आहे, आणि सगळ्या वादाचे मर्म मला त्या सवलतीत दिसते. कायद्याच्या काटेकोर भाषेत गॉगही परवानाच देते. तिच्या करारनाम्यात तसे लिहिलेले आहे. फरक एवढाच की तिथे फाइल आपल्या ताब्यात असते आणि उद्या दुकान उठले तरी ती चालते. वहिवाट ज्याची त्याला कागदाची चिंता कमी, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको.

गॉगच्या या पद्धतीलाही अडचणी आहेत. नव्या गाजलेल्या खेळांपैकी पुष्कळसे तिथे मिळतच नाहीत, दुरुस्तीच्या फाइली स्वतः आठवणीने उतरवाव्या लागतात, आणि सोबत्यांबरोबर खेळायचे म्हटले की बहुधा पुन्हा खाते येतेच. तरीही माझ्या ओळखीतले दोघे-तिघे तरुण आता मे महिन्यात, घरातल्या बायका सुके बोंबील आणि मसाले बरण्यांत भरून आगोटीची बेगमी करीत असतात त्याच सुमारास, आपापल्या खेळांच्या फाइली पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवून घेतात. मोठा खेळ चार-चार जीबीच्या तुकड्यांत येतो, त्यातला एखादा राहिला तर सारे व्यर्थ, म्हणून तुकडे मोजून घेतात. मग वायफाय बंद करून, यंत्र एरोप्लेन मोडवर टाकून, खेळ त्या डिस्कवरून नव्याने बसवून पाहतात. चालला तर डिस्क कपाटात जाते. न चालल्यास, दुकानाने २०२० पासून दिलेली तीस दिवसांची परताव्याची मुदत उलटलेली नाही ना, हे पाहून त्याच रात्री अर्ज करतात.