टेमघरचा घाट चढून गेलेले पैसे

पाबळहून केंदूरकडे येताना रस्त्याच्या कडेला यंदा एक बोर्ड लागलाय. हिरवागार डोंगर, पायथ्याशी निळं तळं, तळ्याकाठी उतरत्या छपराचं लाल घर. खाली मोठ्या अक्षरात ‘सेकंड होम प्लॉट, गुंतवणुकीची सुवर्णसंधी’. चित्रातला डोंगर केंदूरचा नाही आणि तळं तर नाहीच नाही. उन्हाळा तापला की आमच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट बघणारे हंडे ओळीने मांडलेले असतात. बोर्ड वाचून मी गाडी बाजूला घेतली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो. हे चित्र मी आधी पाहिलं होतं. वीस वर्षांपूर्वी, नगर रस्त्यावरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये, नानांच्या शेजारी बसून.

सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने मुळशीच्या डोंगरातल्या लवासा शहराच्या पुनरुज्जीवनाचा मंजूर केलेला आराखडा रद्द केला, तेव्हाच या सगळ्यावर एकदा लिहायचं मनात होतं. या बोर्डाने लिहायला बसवलंच.

डोंगरात घर घेण्याची हौस आपल्याकडे जुनी. माल्कमने १८२८ मध्ये महाबळेश्वर वसवलं, मॅलेटने १८५० मध्ये माथेरान शोधलं, पुढे मुंबईच्या शेठलोकांचे बंगले लोणावळा-खंडाळ्याला उभे राहिले. त्या दीडशे वर्षांचं कौतुक पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मला त्यात फारसा रस नाही, कारण त्या घरांशी आमच्या तालुक्याचं काही देणंघेणं नव्हतं. बंगला विकायला निघाला तर एका शेठकडून दुसऱ्या शेठकडे जायचा. त्या काळातला १९२१ चा मुळशी सत्याग्रह तेवढा आठवणीत ठेवावा लागतो. जमीन कोणाची आणि पाणी कोणासाठी, हा सेनापती बापट आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी विचारलेला प्रश्न नंतर त्याच डोंगरात पुन्हा उभा राहिला.

खरी गोष्ट सुरू होते ती २६ नोव्हेंबर १९९६ पासून. त्या दिवशी राज्य सरकारने डोंगरी भागात पर्यटन नगरं आणि सुट्टीची घरं बांधण्यासाठी खास नियमावली काढली. जून २००१ मध्ये मुळशी-वेल्ह्यातली १८ गावं गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या जलाशयाभोवती शहर बांधण्यासाठी निघालेल्या कंपनीने २००४ मध्ये लवासा हे नाव घेतलं. नमुना इटलीच्या पोर्टोफिनोचा आणि आखणी एका अमेरिकी संस्थेची. हॉटेल व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संस्थेशी नातं जोडलं गेलं. तिकडे लोणावळ्याच्या पलीकडे सहाराची अँबी व्हॅली होतीच. अशी थाटाची उदाहरणं समोर असल्यावर त्यांच्या वाऱ्यावर डझनभर छोट्या योजना निघाल्या.

२००३ ते २०१२ ही दहा वर्षं मी डोळ्यांनी पाहिली आणि त्यांच्याबद्दल मी गप्प बसणार नाही.

पैसा कुठून आला ते आधी सांगतो. रांजणगावची एमआयडीसी, सणसवाडी-शिक्रापूरचे कारखाने, चाकणच्या गाड्यांच्या कंपन्या आणि त्यांच्यामागून आलेली गोदामं. ज्या माळाला बाजरीशिवाय काही येत नव्हतं, त्या माळाचा गुंठ्याने भाव होऊ लागला. २००५ मध्ये सेझचा कायदा आला. खेडच्या सेझच्या आखणीत आमच्या केंदूरच्या शिवाराचंही नाव आलं. शेतकऱ्याला १५ टक्के विकसित जमीन परत द्यायचं ठरलं आणि त्या १५ टक्क्यांसाठी लोकांनी पुढे वर्षानुवर्षं मोर्चे काढले. त्याच सुमाराला गृहकर्जाचे दर पूर्वी कधी नव्हते इतके उतरले होते. पेपरांच्या प्रॉपर्टी पुरवण्या बातमीच्या पानांपेक्षा जाड झाल्या आणि त्यांत जाहिरात कुठे संपते, लेख कुठे सुरू होतो, हे कळेनासं झालं. माझ्याच व्यवसायातल्या माणसांनी ते केलं आणि त्याचा मला आजही राग आहे.

जमीन विकलेल्या शेतकऱ्याला पुण्याने तेव्हा एक नाव दिलं, ‘गुंठामंत्री’. गळ्यात साखळी, दारात स्कॉर्पिओ, अशी त्याची चित्रं रंगवली गेली. मला तो शब्द तेव्हाही टोचला. आयुष्यभर उधारीवर बी-बियाणं आणणाऱ्या माणसाच्या हातात पहिल्यांदा रोख रक्कम आली, तर तिचं काय करावं हे त्याला सांगायला कोण आलं होतं? सोसायटीचा सचिव आला नाही, बँकेचा साहेब आला तो ठेव मागायला, आणि शेतीखात्याचा तर कोणीच आला नाही. आले ते एजंट. त्यांच्याकडे गुळगुळीत कागदाची पुस्तिका होती आणि बोलण्यात गोडवा होता.

नाना म्हणजे माझे चुलते. शिक्रापूरच्या बाजूला त्यांचं दीड एकर होतं, ते २००५ मध्ये एका गोदामवाल्याला गेलं. वर्षभराने नगर रस्त्यावरच्या हॉटेलात आम्हाला बोलावणं आलं. कंपनीचं नाव घेत नाही. लवासा नव्हे, मुळशीच्या पुढे तिच्याच धर्तीवर निघालेली एक लहान योजना. हॉलच्या मधोमध काचेच्या पेटीत डोंगराची प्रतिकृती मांडली होती. बोटाच्या पेराएवढी घरं, प्रत्येक घरात दिव्याचा ठिपका, झाडांच्या जागी हिरवा स्पंज, धुक्यासाठी पिंजलेला कापूस आणि मधे निळ्या काचेचं तळं. टाय लावलेला मुलगा सांगत होता, आज बारा लाख, पाच वर्षांत चाळीस, वर महिन्याला भाडं आम्हीच मिळवून देणार. नाना कधी हॉटेलात जेवले नव्हते. त्यांनी चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरली होती.

चुलती सोबत होती. ती त्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिली आणि तिने एकच विचारलं, “हितं पाणी कुठनं येतं?”

मुलाने निळ्या काचेवर बोट ठेवलं. चुलती म्हणाली, “ते दिसतंय. नळाला कुठनं येतं?” तो म्हणाला, सगळी सोय होणार आहे. चुलती नानांकडे वळून म्हणाली, “आवं, ह्याला म्हाईत न्हाई.” डोक्यावरून पाणी वाहण्यात जन्म गेलेल्या बाईचा प्रश्न होता तो. केंदूर-पाबळ भागातली गावं कळमोडी धरणाच्या पाण्यासाठी किती वर्षं अर्ज करतायत, याचा हिशेब तिला तोंडपाठ होता. पण त्या हॉलमध्ये तिचं ऐकायला कोणी बसलं नव्हतं. मीही नाही. मीच नानांना म्हणालो होतो, पैसे बँकेत सडण्यापेक्षा घरात घालावेत. तो सल्ला माझा होता आणि तो चुकला.

विसार दिला, करारनामा झाला, तीन हप्त्यांत बारा लाख गेले. २०१० नंतर कंपनीचे फोन बंद झाले. २०१३ च्या मार्चमध्ये मी आणि नाना एकदाच वर जाऊन आलो. पिरंगुटवरून टेमघरचा घाट चढून, पुढे कच्च्या रस्त्याने. नानांची इमारत दुसऱ्या मजल्यापर्यंत आलेली, सळया उघड्या, गंजून लाल पाणी भिंतीवर ओघळलेलं. खालच्या पत्र्याच्या खोलीत रखवालदार होता. पंचावन्न-साठीचा, त्याच गावचा. क्लब हाउसच्या अर्धवट चौथऱ्याकडे हात करून तो म्हणाला, “ती आमची वरकस. नाचणी, वरई निघायची तिथं.” त्याने आम्हाला पाणी दिलं. पगार सहा महिने झाला नव्हता, तरी तो राखण करत होता, कारण जायला दुसरी जागा नव्हती. जमीन विकलेला एक माणूस आणि जमीन विकूनच फसलेला दुसरा, दोघं बाजेवर शेजारी बसून पिकांबद्दल बोलत राहिले. नानांनी त्याला बाजरीचा भाव सांगितला. परतताना घाटात ते एक शब्द बोलले नाहीत.

वरसगाव धरणात ज्यांची गावं गेली, त्यांतल्या कित्येक कुटुंबांना खाली दौंड तालुक्यात जमिनी दिल्या गेल्या. म्हणजे मोसे खोऱ्यातली माणसं आमच्या बाजूला आली आणि आमच्या बाजूच्या जमिनीचे पैसे त्यांच्या डोंगरात गेले. हा व्यवहार ज्यांनी जुळवला, त्यांच्यापैकी दोन्हीकडे राहायला कोणी गेलं नाही.

लवासाचं पुढे काय झालं, ते सगळ्यांसमोर आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, वर्षभराने अटी घालून परवानगी दिली. शेअर बाजारातून पैसा उभा करायचा बेत तडीला गेला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेव्हा दावा घेऊन उभ्या राहिलेल्या घर खरेदीदारांची संख्या ८३७ होती. जुलै २०२३ मध्ये १,८१४ कोटींचा आराखडा मंजूर झाला. तो पुढच्या वर्षी रद्द झाला, कारण ज्यांनी पैसे भरायचे कबूल केलं त्यांनी ते भरले नाहीत. अँबी व्हॅलीचा लिलाव करायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये दिला, सुमारे ३७ हजार कोटींची राखीव किंमत लागली, गिऱ्हाईक मिळालं नाही. लवासातल्या दासव्यात आज विद्यापीठाची मुलं राहतात म्हणून रस्त्यावर जाग आहे. जुलै २०२४ च्या अतिवृष्टीत तिथे बंगल्यांवर दरड आली.

सगळं काही बुडालंच पाहिजे असं नव्हतं, हे मुद्दाम सांगतो. त्याच दशकात हडपसरला मगरपट्टा उभं राहिलं. तिथे सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकर जमीन एकत्र केली, विकली नाही, कंपनीच स्वतःची काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदार झाले. केंदूरपासून तासा-दीड तासाच्या वाटेवर हे चालू होतं. आमच्या गावातून एकही गाडी ते बघायला गेली नाही, डोंगरातले प्लॉट बघायला मात्र जीपा भरून गेल्या. तेव्हाच्या पुढाऱ्यांनी एक बस काढली असती तरी चाललं असतं.

आणखी एक. ज्या आल्प्सची चित्रं दाखवून हे सगळं विकलं, तिथे काय झालं ते कोणी सांगितलं नाही. ११ मार्च २०१२ ला स्वित्झर्लंडमध्ये जनमत घेतलं गेलं. कुठल्याही गावात सुट्टीची दुसरी घरं एकूण घरांच्या २० टक्क्यांहून जास्त असू नयेत, असा प्रस्ताव होता आणि तो अगदी थोड्या फरकाने मंजूर झाला. वर्षातले बरेच महिने कुलूपबंद असणाऱ्या असल्या घरांना ते ‘थंड बिछाने’ म्हणतात. गावातल्या माणसाला घर परवडेना, शाळेत पोरं उरेनात, तेव्हा त्यांनी कायदा केला. छपरांचा उतार आपण तिथून आणला, हा कायदा नाही आणला. आणला असता तर मुळशीतल्या किती डोंगरांवर आज झाडं राहिली असती.

नाना २०१९ मध्ये गेले. ग्राहक मंचाचा आदेश आमच्या बाजूने लागला होता, वसुली झाली नाही. चुलतीने फाइल पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली, खताच्या पिशवीत गुंडाळून ठेवलीय. त्यात करारनामा, तीन पावत्या आणि ती गुळगुळीत पुस्तिका. लाल छपराचं घर अजून तितकंच ताजं दिसतं. रेरा कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून लागू झाला. तो दहा वर्षं आधी आला असता तर ती फाइल इतकी जाड झाली नसती.

आता बोर्ड गावात आलाय. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात सरकारने तुकडेबंदी सैल करण्याची घोषणा केली, तेव्हापासून चावडीवर गुंठ्यांशिवाय दुसरा विषय नाही. ज्यांचे गुंठे अडकून पडले होते त्यांची सोय होईल, हे मी मान्य करतो. पण ज्या शिवारात प्यायला पाणी नाही, तिथे तळ्याचं चित्र लावून घरं विकली जाणार असतील तर मला भीती वाटते. या वेळी आपण घेणारे नाही, देणारे असू. बाजेवर बसलेला रखवालदार केंदूरचा असेल.

कोणी जमीन विकू नये असं मी म्हणत नाही. पोरीचं लग्न, दवाखाना, भावाभावांतली वाटणी, अडचण कोणाला सांगून येत नाही. गावाला एवढंच विनवतो, की सही करण्याआधी रेराचा नोंदणी क्रमांक मागा, सात-बारावरचा बोजा आणि फेरफार तलाठ्याकडून स्वतः बघून घ्या, पाणी कुठून येणार ते लिहून घ्या. आणि एक दिवस काढा. पहाटे केंदूरहून निघालं तर दुपारच्या आत टेमघरचा घाट चढून होतो. अर्धवट इमारती रस्त्यावरूनच दिसतात. घरातल्या बायकांना सोबत न्या आणि त्या जे विचारतील त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय विसार घेऊ नका.