निवडणूकपूर्व साहाय्य योजना

निवडणुकीच्या तोंडावर सत्तारूढ शासनाने घोषित केलेली अर्थसाहाय्याची वा सवलतीची योजना. निवडणूक जाहीर होताच आदर्श आचारसंहिता लागू होते व नवे अनुदान घोषित करता येत नाही. आधीपासून चालू असलेल्या योजना मात्र सामान्यतः चालू राहतात. साहजिकच अशा घोषणांची गर्दी त्या दिनांकापूर्वी होते. मध्य प्रदेशातील लाडली बहना योजनेच्या (२०२३) धर्तीवर महाराष्ट्रात २८ जून २०२४ रोजी अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना घोषित झाली. वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांना (मूळ कमाल वयोमर्यादा ६०) तीनुसार दरमहा १,५०० रु. मिळू लागले. ही रक्कम स्त्रीच्या स्वतःच्या बँकखात्यात जमा होते, ही बाब क्षुल्लक नव्हे. म्हणून अशा योजनेस सरसकट प्रलोभन म्हणणे न्याय्य होणार नाही. तथापि हप्त्यांचे वेळापत्रक बोलके आहे. नोव्हेंबरचा हप्ता ऑक्टोबरातच आगाऊ देण्यात आला. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागू झाली व २० नोव्हेंबरला मतदान झाले. पात्रतेची काटेकोर छाननी मात्र मतदानानंतरची असून, तीत सुमारे २६ लाख लाभार्थींचे हप्ते २०२५ मध्ये स्थगित करण्यात आले.