पडद्यावरची जमीन

एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने 1929 साली वैमानिकांच्या शिक्षणासाठी जे यंत्र सिद्ध केले, त्यात बाहेर पाहण्याजोगे काहीच नव्हते. झाकण लावलेल्या खोक्यात बसून शिकाऊ वैमानिकाने केवळ तबकड्यांवरील काट्यांच्या आधाराने उडावयाचे. पुढे जमीन दाखविण्याचा प्रश्न आला, तेव्हा डोंगर, नद्या व धावपट्टी यांची प्रतिकृती भल्यामोठ्या फळ्यावर मांडून तिच्यावरून दूरचित्रवाणीचा कॅमेरा फिरविण्याची युक्ती निघाली. संगणक आला आणि फळा गेला. ब्रूस आर्टविक यांनी 1979-80 च्या सुमारास ॲपल-2 या छोट्या संगणकासाठी रचलेल्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये जमीन म्हणजे मोजक्या सरळ रेघा होत्या. आजच्या प्रणाली सबंध पृथ्वी उपग्रहांच्या छायाचित्रांनी मढवितात. तथापि, छायाचित्र सुंदर म्हणजे देखावा चांगला, ही समजूत निखालस चुकीची आहे.

देखाव्याचे खरे काम हिशेबाचे. जमीन म्हणजे त्रिकोणांची एक जाळी. पडद्यावरील चित्र सेकंदाला निदान तीस वेळा नव्याने काढावयाचे असल्याने सर्वच त्रिकोण बारीक ठेवणे परवडत नाही. म्हणून जवळचा मुलूख बारीक, दूरचा ढोबळ. आणि विमान पुढे जाताना ढोबळाचे बारीक कधी झाले, हे पाहणाऱ्यास कळता कामा नये.

दुसरी अडचण अधिक गमतीची आहे. संगणकाच्या नित्याच्या 32 बिटांच्या पद्धतीत अपूर्णांकाचे सुमारे सातच अंक विश्वसनीय असतात. पृथ्वीची त्रिज्या सुमारे 63 लाख 71 हजार मीटर. पृथ्वीच्या मध्यापासूनचे अंतर या पद्धतीने मांडले, तर अर्ध्या मीटरहून बारीक फरक त्यात मावतच नाही आणि उभ्या विमानाची चाके धावपट्टीवर थरथरू लागतात. यावर तोडगा असा की, आरंभबिंदू विमानाजवळ ठेवावयाचा व विमानाबरोबर सरकवीत न्यावयाचा. वर्गात आरंभबिंदू बदलण्याची उदाहरणे कंटाळून सोडविणाऱ्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी हे अवश्य सांगावे.

परंतु जेथे चूक महागात पडू शकते, ती जागा धावपट्टीची. उतरताना वैमानिकाचा डोळा उंचीचा अंदाज धावपट्टीच्या आकारावरून घेतो. सवयीपेक्षा अरुंद धावपट्टी, किंवा पुढे चढत जाणारी, दिसली की आपण फार वर आहोत असे त्यास वाटते व तो नकळत खाली येतो. असे असूनही अनेक प्रणालींत दीर्घकाळ विमानतळाची जमीन सरसकट सपाट धरली जात असे! मंगळूर येथे 22 मे 2010 रोजी 158 जण व कोळिकोड येथे 7 ऑगस्ट 2020 रोजी 21 जण मृत्युमुखी पडले. दोन्ही धावपट्ट्या पठारावरच्या; दोन्ही वेळी विमान टोकापलीकडे जाऊन खाली कोसळले. अपघातांची कारणे निराळी होती, हे खरे. मात्र ज्या देखाव्यात टोकापलीकडे दरीऐवजी सपाट हिरवळ पसरलेली असते, तो वैमानिकास खोटे शिकवितो, असेच म्हणावे लागेल.

हे खोटे बहुधा माहितीतून शिरते. 2020 साली मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत मेलबर्न शहराच्या साध्या वस्तीत 212 मजल्यांचा एक सुळका उभा राहिला. सर्वांना खुल्या असलेल्या नकाशात कोणी एका इमारतीचे मजले 2 ऐवजी 212 लिहिले होते. यंत्राने ते निमूटपणे बांधून दाखविले. तेथे निदान हसू तरी आले. जमिनीची उंची चुकली, तर ती अशी डोळ्यांत भरत नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एन्डेव्हर’ या अंतराळयानाने अकरा दिवसांत रडारने पृथ्वीच्या सुमारे 80 टक्के भूभागाची उंची मोजली. ती फुकट मिळते व अनेक देखाव्यांचा पाया आहे. पण ती 2000 सालची जमीन आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला. त्या जुन्या मोजणीत टेकडी अद्याप उभी आहे. तेथील देखावा रचणाऱ्यास धावपट्टी आखण्यापूर्वी ती हाताने, एकेक आकडा बदलून, पुन्हा कापावी लागते.