'गुस्तार'चा भूतकाळ

मुलुंडला मी स्पॅनिश शिकवते. ए-टू पातळीवर 'गुस्तार' हे क्रियापद भूतकाळात जातं, तेव्हा एरवी भराभर पुढे जाणारी मुलंही अडखळतात. 'मे गुस्ता' म्हणजे मला आवडतं, इथवर ठीक असतं. भूतकाळात मात्र दोन रूपं समोर येतात: 'मे गुस्तो' आणि 'मे गुस्ताबा'. इंग्रजीत 'आय लाइक्ड' दोन्हीकडे चालतं. त्यामुळे इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांना हा फरक समजवायला पानंच्या पानं खर्चावी लागतात, आणि आपली मुलं तीच पानं पाठ करत बसतात.

घाटकोपरहून येणाऱ्या एका मुलीने परवा वहीत लिहिलं, 'यो गुस्ताबा एल दोसा'. 'यो' म्हणजे मी. खाऊगल्लीतला डोसा तिला लहानपणी आवडायचा, एवढंच तिला सांगायचं होतं. मी विचारलं, "हे आजीला कसं सांगशील?"

"मला तिथला डोसा आवडायचा."

"इडल्या असत्या तर?"

"आवडायच्या." मग तिचं तिनेच 'यो' खोडलं आणि 'मे' लिहिलं.

क्रियापद ज्याला आवडतं त्या माणसाकडे बघत नाही, आवडलेल्या वस्तूकडे बघतं. मराठीत हे आपण बोलायला लागल्यापासून करतो. डोसा आवडायचा, इडल्या आवडायच्या. स्पॅनिशमध्ये एकाला 'गुस्ताबा', अनेकांना 'गुस्ताबान'. 'तू मला आवडायचास' हे वाक्य तर मी फळ्यावर मुद्दाम लिहिते. स्पॅनिश रूप 'मे गुस्ताबास'. समोरच्याला 'तू' म्हटलं की या रूपात दोन्ही भाषांत शेवटी 'स' येतो.

आता दोन भूतकाळ. शाळेच्या व्याकरणात रीतिभूतकाळ होता: जात असे, आवडत असे. 'गुस्ताबा' तोच. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली वनराणी ही छोटी आगगाडी लहानपणी मला आवडायची: 'मे गुस्ताबा'. 2021 च्या तौक्ते वादळात नुकसान होऊन ती गाडी बंद पडली; त्याआधी कधीतरी एकदाच बसलेला पाहुणा 'मला आवडली' म्हणेल: 'मे गुस्तो'. एकदाचा, पुरा झालेला अनुभव असेल तर 'गुस्तो'. नेहमीची, मागे राहिलेली आवड असेल तर 'गुस्ताबा'. नावडीचंही तसंच. 'कारलं आवडायचं नाही' आणि 'कारलं आवडलं नाही' यांत कोणताही मराठी माणूस घोटाळा करत नाही. स्पॅनिशमध्ये नकार आधी येतो, एवढंच: 'नो मे गुस्ताबा', 'नो मे गुस्तो'.

क्रिया आवडत असेल तर दोन्ही भाषा एकवचनावर थांबतात. पोहायला आणि वाचायला आवडायचं: 'मे गुस्ताबा नादार इ लेएर'. दोन क्रिया असूनही 'गुस्ताबान' होत नाही.

सगळं जुळतं असं नाही. मराठीत आंबा आवडला, चिंच आवडली. स्पॅनिश क्रियापद लिंग पाहत नाही, दोन्हीला 'गुस्तो'च. आजीला आवडायचं म्हणताना 'आ मि आबुएला ले गुस्ताबा' असं 'तिला' पुन्हा घालावं लागतं. हे 'ले' मुलं हमखास विसरतात. काळाला हद्द घातली की सावध राहावं लागतं. 'अंधेरीत पाच वर्षं राहिलो, तिथं आवडायचं' हे आपण सहज म्हणतो, पण त्या पाच वर्षांकडे एक संपलेला काळ म्हणून पाहून एकच अभिप्राय द्यायचा असेल तर स्पॅनिशमध्ये 'मे गुस्तो' येतं. सराव लागतो तो अशा ठिकाणी, आणि वर्गाचा वेळ तिथेच जायला हवा.

उपनगरांत स्पॅनिश शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. 'गुस्तार'च्या दिवशी फळ्यावर आधी 'मला आवडलं' आणि 'मला आवडायचं' लिहा. घाटकोपर-मुलुंडच्या वर्गांत गुजराती मुलं असतातच. त्यांच्यासाठी शेजारी 'मने गम्युं' आणि 'मने गमतुं' लिहा. इंग्रजीतला खुलासा कुणी मागितला तरच द्या.